नमनाला किती तेल?

ॲप, संगणकावरचा प्रोग्रॅम किंवा संकेतस्थळ उघडताच जो पहिला पडदा दिसतो, त्याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावं वगळून गाव तेवढं ठेवलं आहे.

प्रश्न: दूध संकलन केंद्रासाठी अँड्रॉइड ॲप केलं आहे. शेतकऱ्याला फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि त्या दिवसाची रक्कम दिसते. ॲप उघडलं की आधी पांढऱ्यावर छोटा आयकॉन येतो, तो जातो आणि मग आम्ही केलेला लोगोचा पडदा तीन सेकंद राहतो. जुन्या फोनवर लोगो एकदाच दिसतो. नव्यावर दोनदा का? (वाळवा, जि. सांगली)

उत्तर: पहिला पडदा तुमचा नाहीच, तो अँड्रॉइडचा आहे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक ॲपला स्वतः सिस्टिमच स्प्लॅश स्क्रीन, म्हणजे उघडतानाचा लोगोचा पडदा, दाखवते. तुम्ही सांगा न सांगा, तो येणारच. त्यावर तुमची जुनी स्प्लॅश ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा म्हणजे एक ॲक्टिव्हिटी) चढते आणि नांदी दोनदा होते.

उपाय म्हणजे आपला पडदा काढून टाकायचा आणि सिस्टिमचाच आपल्या रंगात रंगवायचा. अँड्रॉइडएक्स या गुगलच्या तयार कोडसंचातली कोअर-स्प्लॅशस्क्रीन लायब्ररी घ्या. तिच्यामुळे जुन्या फोनवरही साधारण तसंच दिसतं. नवी थीम करा, तिची पालक थीम ‘थीम डॉट स्प्लॅशस्क्रीन’ ठेवा. तीत तीन गोष्टी भरायच्या: पार्श्वभूमीचा रंग, मधला आयकॉन, आणि स्प्लॅश संपल्यावर लागणारी तुमची नेहमीची थीम. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये) ही थीम मुख्य ॲक्टिव्हिटीला लावा, लाँचरचा इंटेंट-फिल्टर (आयकॉन दाबल्यावर काय उघडायचं ती नोंद) जुन्या स्प्लॅश ॲक्टिव्हिटीवरून काढून इकडे आणा, आणि पडदा तयार होताना चालणाऱ्या ऑनक्रिएटमध्ये सुपरच्या ओळीच्या आधी ‘इन्स्टॉल स्प्लॅशस्क्रीन’ बोलवा. तिसरी गोष्ट, म्हणजे नंतरची थीम, भरायला सगळ्यात जास्त लोक विसरतात. मग ॲप उघडताक्षणी कोसळतं आणि ‘ॲपकॉम्पॅट थीम हवी’ अशी तक्रार लॉगमध्ये दिसते. लोक ॲपकॉम्पॅटची आवृत्ती बदलत बसतात. चूक त्या एका ओळीत असते.

आता मापं. ती डीपीत, म्हणजे पडद्याच्या पिक्सेल-घनतेवर न अवलंबणाऱ्या अँड्रॉइडच्या एककात आहेत. आयकॉनमागे वेगळा रंगीत गोल हवा असेल तर चित्र २४० बाय २४० डीपी, आणि महत्त्वाचा भाग १६० डीपी व्यासाच्या वर्तुळात. गोल नको असेल तर २८८ बाय २८८, आणि वर्तुळ १९२ डीपीचं. दोन्हीकडे हिशेब दोन तृतीयांशाचाच आहे. बाहेरचं छाटलं जातं. डीपीला तीन पिक्सेल असलेल्या फोनवर २८८ डीपी म्हणजे ८६४ पिक्सेल. म्हणून शक्यतो व्हेक्टर, म्हणजे मोठं केलं तरी न फाटणारं चित्रच वापरा. ‘अमुक तमुक सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित’ असं आडवं लांब नाव या वर्तुळात बसत नाही. बसवलंच तर मुंग्यांची रांग दिसते. मध्ये फक्त चिन्ह ठेवा. तळाशी २०० बाय ८० डीपीची नाममुद्रा ठेवायची सोय अँड्रॉइड १२ पासून आहे, पण गुगलचे डिझाइन-नियमच ती टाळा म्हणतात आणि ते बरोबर आहे. पडदा अर्धा सेकंदही टिकणार नसेल तर ती वाचणार कोण?

राहिले तुमचे तीन सेकंद. ते हँडलरमधून, म्हणजे काम लांबवणाऱ्या कोडमधून, मुद्दाम घातलेले असणार, काढा. माहिती येईपर्यंत पडदा धरून ठेवायचा असेल तर ‘कीप ऑन स्क्रीन’ची अट असते. पण ती अट फक्त सर्व्हरच्या उत्तरावर टांगू नका. रेंज गेली की अट कधी सुटतच नाही आणि ॲप लोगोवर गोठतं. पहाटे डेअरीवर रांगेत उभ्या माणसाला कालची पावती फोनमधूनच दाखवा आणि आजची मागून येऊ द्या. चित्र हलतं ठेवणार असाल तर हालचाल १,००० मिलिसेकंदांच्या आत संपवा.

वेळ मोजायला लॉगकॅट या अँड्रॉइडच्या नोंदवहीतली ‘डिस्प्लेड’ ही ओळ पुरते, तिच्यात मिलिसेकंद लिहिलेले असतात. ॲप मेमरीत नसताना उघडायला ५ सेकंद किंवा जास्त लागले, तर प्ले कन्सोल (गुगल प्लेचं ॲप करणाऱ्यांसाठीचं पान) ते प्रमाणाबाहेर संथ धरतं. चाचणी अँड्रॉइड स्टुडिओतून ‘रन’ करून घेऊ नका, तिथून उघडल्यावर कधीकधी आयकॉनच दिसत नाही. होम पडद्यावरून बोटाने उघडा. आणि रात्रीच्या मोडसाठी पार्श्वभूमीचा वेगळा रंग द्या. पहाटे चार वाजता डोळ्यांवर पांढरा झोत नको.

प्रश्न: आमचं हापूस विक्रीचं संकेतस्थळ आहे. उघडताच बागेचा ड्रोन व्हिडिओ पूर्ण पडदाभर, त्यावर लोगो, आणि खाली ‘प्रवेश करा’ हे बटण. दिसतं छान, पण लोक आत न जाता परततात असं आकडे सांगतात. व्हिडिओ ९ एमबीचा आहे. (देवगड)

उत्तर: ९ मेगाबाइट म्हणजे ७२ मेगाबिट. सेकंदाला ४ मेगाबिट मिळत असतील, आणि घाटात किंवा लोकलमध्ये तेवढेही मिळत नाहीत, तर पूर्ण उतरायला १८ सेकंद. गिऱ्हाइकाने तोवर काय करायचं?

‘प्रवेश करा’चं पान ही फ्लॅशच्या काळातली सवय. तेव्हाही ‘स्किप इंट्रो’ हे बटण लोक आधी शोधायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला. पान मात्र वेषांतर करून राहिलं. त्याचे दोष तांत्रिकही आहेत. कुणी व्हॉट्सॲपवर थेट ‘पाच डझनाची पेटी’ या पानाची लिंक पाठवली आणि तुमची व्यवस्था त्याला आधी दर्शनी पानावर ढकलत असेल, तर तो पेटीपर्यंत पोचत नाही. मागे जायचं बटण दाबलं की पुन्हा तेच पान. शोधयंत्रालाही त्या पानावर वाचण्यासारखं काही सापडत नाही.

ते पान काढा. पहिल्या पडद्यावर, म्हणजे ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात, हे बसवा: कोणता आंबा, आजचा डझनाचा भाव, कोणत्या शहरांत पोचवता, पेटी किती दिवसांत निघते, आणि मागणीचं एकच बटण. हंगाम संपला असेल तर तेही इथेच सांगा. पाचवा टप्पा भरल्यावर सांगितलं तर शिव्या पडतात. व्हिडिओ खाली घ्या, बोट लावल्यावरच चालू होईल असा.

वर एक स्थिर फोटो पुरे. १,०८० पिक्सेल रुंद, वेबपी किंवा एव्हीआयएफ स्वरूपात, वजन १५० केबीच्या आत. इथे एक नेहमीची चूक होते: तयार साच्यांमध्ये सगळ्याच चित्रांना ‘लेझी’ (दिसायची वेळ आली की मगच मागव) लावलेलं असतं. खालच्या चित्रांना ते ठीक, पण वरच्या मुख्य चित्रालाही लागलं तर ब्राउझर तेच उशिरा मागवतो. त्यावरून लेझी काढा, ‘फेचप्रायॉरिटी’ (आधी मागवायचा अग्रक्रम) हाय करा, रुंदी-उंची आकड्यांत लिहा. उंची न लिहिल्यास चित्र येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. गुगलच्या मोजमापात पडद्यावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला पाहिजे आणि उड्यांचा आकडा ०.१ च्या वर जाता कामा नये. तेही दर चारपैकी तीन भेटींत.

पूर्ण उंचीचा पडदा करताना १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) लिहिलं असेल तर फोनच्या पत्तापट्टीमुळे तळचं बटण पडद्याबाहेर जातं. तिथे १०० एसव्हीएच लिहा, ते पट्टी दिसत असतानाची उंची धरतं.

प्रश्न: त्याच पडद्यावर सनईचे सूर लावले होते. संगणकावर तयार करताना वाजत होते, आता कुणालाच ऐकू येत नाहीत. (देवगड, तेच वाचक)

उत्तर: वाजणार नाहीत. क्रोमने २०१८ पासून माणसाने पानावर काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होणं अडवलं आहे, इतर मोठे ब्राउझरही तसंच करतात. तुमच्याकडे वाजत होते कारण तुम्ही त्या पानावर आधी पुष्कळदा क्लिक केलं होतं. बँकेच्या रांगेत किंवा बाळ झोपलेलं असताना सनई सुरू झालेली कुणाला हवी असते? हे बंधन आम्हाला आवडतं.

प्रश्न: पर्यटनाच्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ मराठीत करते आहे. मोठ्या शीर्षकात रफार आणि वेलांटीचा वरचा भाग कापला जातो. फॉन्ट लहान करायला उपफॉन्ट (लागतील तेवढीच अक्षरं ठेवलेला फॉन्ट) काढला, तर ‘दऱ्या’चं काही ठिकाणी ‘दर्या’ झालं. शिवाय अक्षरं एकेक करून उमटवायची होती, तर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. (सातारा)

उत्तर: तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच: साचा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे.

कापलं जाणं आधी. त्या साच्यांत शीर्षकाची ओळ-उंची १.१ किंवा १.२ असते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक बसतात, खाली उकार आणि जोडाक्षरं लोंबतात. १.४ ते १.६ ठेवा आणि त्या डब्यावर ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर गेलेलं लपव) असेल तर काढा. तपासायला ‘मूर्तींचे’, ‘कुऱ्हाड’, ‘ट्रॅक्टर’, ‘द्रुतगती’, ‘हृद्य’ हे शब्द शीर्षकाच्या जागी टाकून पाहा. हे नीट दिसले तर बाकीचे दिसतातच. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं. इंग्रजी मोठ्या शीर्षकांना ते वाढवून रुबाब येतो. मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात.

आता दऱ्या. चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण, शून्य-रुंदीचा जॉइनर. उपफॉन्ट काढताना तुम्ही युनिकोडचा (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी पट्टा घेतला असणार, आणि तो जॉइनर त्या पट्ट्यात नाही, तो २००डी वर आहे. किंवा मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या पायरीने ‘अदृश्य कचरा’ समजून तो उडवला. मग र चा रफार होतो आणि डोंगरदऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्याचा आचार्य होतो तो याच वाटेने. उपफॉन्टमध्ये २००सी (शून्य-रुंदीचा नॉन-जॉइनर), २००डी आणि २५सीसी (ठिपक्यांचं वर्तुळ) हे तीन वर्ण घ्या, जोडाक्षरांचे नियम असलेली जीसब आणि जीपॉस ही कोष्टकं टिकवा, आणि मजकुरात शक्यतो ऱ वापरा.

अक्षरं एकेक उमटवण्याचं सोडा, शब्द एकेक उमटवा. संगणकाच्या लेखी ‘क्षि’ म्हणजे चार वेगळे वर्ण. ते एकेक बाहेर आले की मधल्या क्षणी लोंबकळती वेलांटी किंवा पाय मोडलेला क दिसतो, आणि वेलांटीला आधार नसेल तर ते ठिपक्यांचं वर्तुळ. अक्षरगट तोडणारी साधनं आता ब्राउझरमध्ये आली आहेत, पण जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडने २०२३ च्या आवृत्तीत घेतला. जुन्या फोनवर ती हलन्तापाशी तोडतात.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नसल्या तरी. पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी नोंदवा; ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते तेव्हाच उमटतात, नाहीतर हिंदी वळण येतं. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतो, तेव्हा दोनच जाडी घ्या, वॉफ-२ या वेबसाठी दाबून लहान केलेल्या स्वरूपात, आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप’ लावा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसेल. विंडोजवर तो निर्मला यूआय असतो, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. कोरी जागा दिसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

शीर्षक चित्रात कोरून टाकायचा मोह होईल. त्यात वाचून दाखवणाऱ्या साधनांना काही मिळत नाही आणि लहान पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात. जुन्या फोटोशॉपमध्ये करायचंच झालं तर टाइपच्या प्राधान्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि ‘किल्ला’ वाचता येत नाही.

प्रश्न: आयफोनच्या ॲपचा लोगो बदलला, पण उघडताना जुनाच दिसतो. (ठाणे)

उत्तर: लाँच स्क्रीनचं चित्र आयओएस साठवून ठेवतं. ॲप काढा, फोन बंद करून सुरू करा, पुन्हा घाला. वापरणाऱ्यांना हे सांगता येत नाही, म्हणून नव्या चित्राला फाइलचं नवं नाव द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. पण ॲपलच्या मते तिथे लोगो हवाच कशाला? त्यांच्या सूचनांनुसार तो पडदा तुमच्या पहिल्या पानासारखा दिसावा, फक्त मजकूर नसलेला: वरची पट्टी, रिकामी यादी, तळचे टॅब. मजकूर नको, कारण हा पडदा स्थिर असतो, ॲपची भाषा बदलली तरी तो बदलत नाही.

प्रश्न: यंत्रमागाच्या कारखान्यांसाठी पायथनमध्ये बिलिंगचा प्रोग्रॅम केला आहे, पायइन्स्टॉलर या साधनाने एकच ईएक्सई करून देतो. डबल-क्लिक केल्यावर १५ सेकंद काहीच होत नाही. कारकून पुन्हा पुन्हा क्लिक करतो आणि तीन खिडक्या उघडतात. मग ‘डेटाबेस इज लॉक्ड’. स्प्लॅश स्क्रीन लावल्यावर सुटेल का? (इचलकरंजी)

उत्तर: अर्धं सुटेल. पण आधी ते १५ सेकंद कुठे जातात ते पाहा. एका फाइलचा ईएक्सई प्रत्येक वेळी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो, आणि अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक फाइल तपासतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही कसरत रोज सकाळी होते. ‘वनफाइल’ ऐवजी ‘वनडिर’ने (सगळं एका फोल्डरमध्ये) बांधा आणि इनो सेटअपसारख्या साधनाने इन्स्टॉलर करून द्या. उलगडणं एकदाच, इन्स्टॉल करताना होईल. कारकुनाला शॉर्टकटच दिसतो, आत एक फाइल आहे की तीनशे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग वरच्या आयात-ओळी बघा: पांडाज आणि मॅटप्लॉटलिब (कोष्टकं आणि आलेखांच्या लायब्ऱ्या) बिल छापायला लागत नसतील तर त्यांची आयात अहवालाच्या फंक्शनमध्ये न्या.

त्यानंतर स्प्लॅश. पायइन्स्टॉलरला ‘स्प्लॅश’ पर्यायात पीएनजी दिली की ती पायथन जागा होण्याआधीच दिसते, हाच तिचा खरा उपयोग. मॅकवर ही सोय नाही. ७६० बाय ४८० पेक्षा मोठं चित्र ती स्वतः लहान करते. पारदर्शक कडांचं चित्र देऊ नका. विंडोजवर पारदर्शक जागेसाठी ती किरमिजी रंग वापरते, त्यामुळे मऊ कडांना गुलाबी झालर लागते. चौकोनी, भरीव चित्र द्या. मुख्य खिडकी रंगवून झाली की ‘पायआय_स्प्लॅश’चं क्लोज बोलवायला विसरू नका, नाहीतर प्रोग्रॅम बंद होईपर्यंत ते चित्र छातीवर बसून राहतं.

आणि एक फसवी चूक. स्प्लॅश सगळ्या खिडक्यांच्या वर राहतो. सुरू होतानाच डेटाबेस सापडला नाही आणि तुम्ही त्रुटीची चौकट दाखवली, तर ती स्प्लॅशच्या मागे दडते. कारकुनाला वाटतं अडकलं. चौकट दाखवण्याआधी स्प्लॅश बंद करा.

तीन खिडक्यांचा इलाज स्प्लॅशमध्ये नाही. सुरुवातीलाच विंडोजमध्ये नाव दिलेला म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घ्या; तो आधीच असेल तर नवी प्रत गुपचूप बंद करा आणि चालू असलेली खिडकी पुढे आणा.

डेटा वाचणं मुख्य धाग्यावर, म्हणजे खिडकी चालवणाऱ्या कामाच्या ओघात, करू नका. साधारण ५ सेकंद खिडकीने उत्तर दिलं नाही की विंडोज तिच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. काम दुसऱ्या धाग्यात, निरोप रांगेतून, आणि टीकेइंटरच्या (पायथनमध्ये खिडक्या काढणाऱ्या साधनाच्या) खिडकीला हात फक्त मुख्य धाग्याने लावायचा. टक्क्यांची पट्टी टाळा: ९९ वर थांबलेल्या पट्टीइतकं चिडवणारं दुसरं काही नाही. ‘सुताच्या नोंदी उघडतोय’, ‘पार्ट्यांची यादी वाचतोय’ असं लिहा. अडकलं तर कारकून फोनवर तेवढंच वाक्य वाचून दाखवेल आणि कुठे अडकलं ते तुम्हाला कळेल. वापरसुलभतेच्या अभ्यासकांमध्ये जेकब निल्सेन यांची १९९३ मधली मोजपट्टी अजून चालते: एका सेकंदापर्यंत माणसाची तंद्री तुटत नाही, दहा सेकंदांनंतर तो दुसऱ्या कामाला लागतो. तुमचा कारकून त्याआधीच दुसऱ्यांदा क्लिक करतो.

प्रश्न: शाळेच्या पालक-ॲपमध्ये पहिल्यांदा उघडताना आम्ही भाषा, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, नोटिफिकेशन आणि मग ओळखीचे तीन पडदे असा क्रम ठेवला आहे. पालक नोटिफिकेशन नाकारतात आणि मग सुट्टीचा निरोप मिळाला नाही म्हणून भांडतात. (जालना)

उत्तर: नाकारणारच, कशासाठी हवं ते त्यांना अजून माहीतच नाही. अँड्रॉइडवर दोनदा नाकारलं की सिस्टिम पुन्हा विचारूच देत नाही, आयफोनवर एकदाच. मग सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करायला सांगावं लागतं आणि ते कोण करतं? अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनलाही अशीच परवानगी लागते, म्हणून ती संधी जपून वापरा. पालकाने मुलाचा वर्ग निवडला की लगेच तुमच्या शब्दांत एक ओळ दाखवा: ‘सुट्टी किंवा बस उशिरा असल्यास कळवू का?’ ‘हो’ म्हटल्यावरच सिस्टिमची चौकट आणा. ‘नंतर’ म्हटलं तर चौकट आणू नका, संधी शिल्लक राहते. लोकेशन बसचा नकाशा उघडताना मागा. कॉन्टॅक्ट्स शाळेला कशाला हवेत हे आम्हाला कळलं नाही, काढून टाका.

ओळखीचे तीन पडदे गेले तरी चालतील. भाषेचा मात्र ठेवा. खूप जणांचा फोन इंग्रजीवरच असतो पण निरोप वाचायचा असतो मराठीत, म्हणून फोनच्या भाषेवरून अंदाज बांधू नका. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, बटणं किमान ४८ डीपी उंच ठेवा, आणि निवड बदलायची जागा आतल्या पहिल्याच पानावर ठेवा. बाबांनी निवडलेली भाषा आजीला वाचता येतेच असं नाही, आणि मुलांना शाळेतून आणायला बऱ्याचदा आजीच जाते.